सायकल गाडीत बसली ती सुगी

आमच्या पडवीच्या भिंतीवर एक काळा डाग आहे. हातभर लांब, वाकडा, रबराचा. वर्षभर तो कुणाच्या लक्षात येत नाही. पावसात सगळीच भिंत काळी असते, उन्हाळ्यात पडवीत अंधार असतो. सुगीत मात्र सकाळचं ऊन तिरकं आत येतं आणि नेमकं त्या डागावर पडतं. सून दर दिवाळीला चुना लावते. महिन्याभरात डाग पुन्हा वर येतो. रबर चुन्याला जुमानत नाही.

यंदाची सुगी आता मध्यावर आहे. वरच्या तीन तुकड्यांतलं भात कापून झालं, खालचं उभं आहे. कापलेल्या भाताचा वास गोड असतो असं लोक म्हणतात. मला तसा कधी लागला नाही. नाकात कुसळं जातात, मानेला खाज सुटते, घाम त्यावर झोंबतो. तरी भाद्रपद सरला की मी त्याच वासाची वाट बघते, हेही खरं. दोन्ही खरं असतं.

या दिवसांत मी कामाला जात नाही. कंबर वाकत नाही, वाकली तर उठत नाही. पडवीत बसून बांबू फोडून त्याच्या पातळ चोया काढते. सुपं आणि टोपल्या लागतात सुगीत. कोयता चालतो, चोय सुटते, आणि मध्येच ऊन डागावर येतं. मग मला चार सुग्यांमागची ती सुगी आठवते, अक्षताच्या सायकलीची.

अक्षता माझी नात, थोरल्या नारायणची मुलगी. शिक्षण संपल्यावर ती गणेशगुडीकडे कामाला लागली. पर्यटकांना नदीत बोटीतून आणि जंगलात सायकलीवरून फिरवतात, तिथे. मुलगी बोट वल्हवते म्हणून गावात बरंच बोलणं झालं. मी म्हटलं, आम्ही पोरी असताना नदी पोहून पलीकडे म्हशी नेत होतो, तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. हिला तर बोट आहे.

तिथल्या सायकली बदलल्या तेव्हा जुन्यातली एक तिने स्वतःसाठी घेतली. राहायच्या खोलीत ठेवायला जागा नव्हती म्हणून ती आमच्या घरी आली. ती सायकल मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसायलाच आलं. टायर म्हशीच्या मानेएवढे जाड. पुढचे दोन दांडे दाबले की खाली जात, सोडले की वर येत. बाकी काहीच नाही.

"हिला कॅरियर न्हाई?" मी विचारलं.

"न्हाई."

"मडगार्ड?"

"न्हाई, आज्जी."

"घंटी न्हाई, स्टँड न्हाई. मग हाय काय हिला?"

"ब्रेक हाय," ती म्हणाली. "लई भारी ब्रेक हाय. दोन बोटांनी दाबला की जागच्या जागी उभी ऱ्हाती."

"थांबायचंच असलं तर निघायचं कशाला?" मी म्हटलं. पण त्या ब्रेकच्या दांडीकडे माझं लक्ष राहिलं. दोन बोटांत एवढी मोठी वस्तू थांबते म्हणजे काय, ते एकदा करून बघावंसं वाटायचं. नातीसमोर कसं करणार? म्हणून राहून गेलं.

स्टँड नसल्यामुळे सायकल भिंतीला टेकवावी लागे. पडवीत जात्याचा एक दगड पडलेला आहे, खालचा. त्यावर ती पायंडल टेकवायची आणि मागचं चाक भिंतीला लावायची. दोन वर्षं सायकल तिथेच उभी होती. डाग तिथला.

अक्षताला सुट्टी मंगळवारी. शनिवार-रविवार पर्यटकांचे. सोमवारी संध्याकाळच्या बसने ती यायची आणि मंगळवारी उजाडायच्या आत सायकल घेऊन निघायची. दिग्गीच्या बाजूला कुठे कुठे चढायची. उन्हं वर आली की चिखलाने माखून परत. पाठीवर मधोमध चिखलाची सरळ रेघ, मडगार्ड नव्हतं ना. मी म्हणायचे, "गव्यासंगं चिखलात लोळून आलीस काय?" ती म्हणायची, "गवाच म्हणाला, आज्जीला विचारलं म्हणून सांग." मग चुलीजवळ बसून पेज आणि निखाऱ्यात भाजलेले कंद, कणगरं, खायची. कणगरं सोलताना बोटं भाजायची तिची, तरी थांबायची नाही. तिच्या घामाचा, मातीचा आणि त्या कणगरांच्या जळक्या सालीचा मिळून एक वास होता. मंगळवारचा वास म्हणा.

ती माझ्यासाठी येत नव्हती. सायकलसाठी येत होती. हे मला पहिल्यापासून कळत होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. देवळात लोक प्रसादासाठीही जातात. देव काही हाकलून देत नाही.

त्या सुगीत मात्र ती महिनाभर घरीच होती. गणेशगुडीचं काम सोडलं होतं. बेंगळुरूला सायकली दुरुस्त करायचं एक मोठं दुकान आहे, तिथे तिला घेतो म्हणाले होते. निरोप यायचा होता. तोवर तिने आमच्यासोबत भात कापलं. कापायला हात बरा होता तिचा, पेंढी बांधायला वाईट. तिने बांधलेली पेंढी डोक्यावर घेतली की खळ्यापर्यंत निम्मी राहायची. दुपारचं जेवण सायकलवरून शेतात आणायची. कॅरियर नाही म्हणून आमटीचा डबा गळ्यात बांधायची. बांधावरून, दगडावरून उड्या मारत यायची आणि आमटी सांडायची नाही. पेंढी बांधता येत नाही आणि डबा असा बांधते! मला त्या पोरीचं कधी गणित कळलं नाही.

निरोप आला. बेंगळुरूला जायचं ठरलं. सायकल घेऊन जायचं ठरलं.

ती म्हणाली, "तिथं सगळ्यांकडं आपापली सायकल असती, आज्जी. माझी न्हाई नेली तर मी कोण तिथं?"

 माझ्या मनातला हिशेब सोपा होता. सायकल इथे आहे तोवर मंगळवार आहे. सायकल गेली की मंगळवारही गेला. बेंगळुरूहून एवढ्या लांब, पेजेसाठी कोण येतंय?

जायच्या दिवशी नारायणने आपली लहान गाडी खळ्यात आणून उभी केली. चार माणसं बसतात, पाचवं बसलं तर रुसतं, एवढी गाडी. अक्षताच्या दोन पिशव्या, तांदळाचं एक लहान पोतं आणि सायकल. मागचं दार वर उचललं, मागची सीट मोडून आडवी केली. अक्षताने सायकलचं पुढचं चाक काढलं. एक दांडी फिरवली की चाक हातात, पान्हा लागला नाही. चाक नसलेली सायकल बघवत नव्हती. शिंगं मोडलेल्या रेड्यासारखी दिसत होती.

बापलेक दोघं मिळून ती आत घालायला लागले. तोंडाकडून घातली, हँडल अडकलं. उलटी केली, सीट अडकली. सीट खाली केली, मागचं चाक बाहेर राहिलं. मागचं दार लागेना. शेजारचा भरमू खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याच्या हाताला कधीच काम नसतं, तोंडाला असतं.

"टपावर बांधा की, काकू," तो मला म्हणाला.

"तुला बांधते टपावर. वाटभर बोलत जाशील, हॉर्न वाजवायला नको."

"बसंना, आई," नारायण घाम पुसत म्हणाला.

मी पडवीत होते. मला दिसत होतं कशी बसेल ते. खोटं कशाला बोलू? पहिल्या खटपटीलाच दिसलं होतं. आयुष्यभर आम्ही जंगलातून बैलगाडीत बांबू भरून आणले. बांबू भरायची एक रीत आहे: बुंधा आधी. जाड, जड टोक पुढे बैलाकडे, शेंडा मागे. शेंडा वाकतो, बुंधा वाकत नाही. उलटा भरला तर निम्मी गाडीही भरत नाही. ही दोघं सायकल शेंड्याकडून भरत होती. हँडल आधी, जड चाक शेवटी. मला माहीत होतं आणि मी गप्प होते. चोय काढत होते. न बसलेली बरी, असं वाटत होतं मला. तेवढंच.

सुमनने, सुनेने, चहाला हाक मारली. सायकल पोत्यावर आडवी ठेवून सगळे आत गेले. भरमूही गेला, चहा म्हटल्यावर.

मी उठून सायकलजवळ गेले. आता तिथे कोणी नव्हतं. ब्रेकची ती दांडी वर आली होती. मी दोन बोटं लावली आणि दाबली. मऊ लागली, लोण्यात बोट गेल्यासारखी. परत दाबली. तेवढ्यात आतून नारायणचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे गं यंदा. दुसऱ्या फेरीला न्हेऊ."

माझं बोट दांडीवरच राहिलं.

दुसऱ्या फेरीला. हे शब्द याआधी एकदाच असे माझ्या कानावर पडले होते. आमचा जुना गाव सुप्याच्या धरणात गेला. माझं लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते तेव्हा. सामान न्यायला ट्रक आला. पेट्या, पाट, भांडी, कोंबड्या, दाराची चौकट. सासूचं जातं होतं, मोठं, दोन माणसांनी फिरवायचं. खालचा दगड चढवला. वरचा उचलायला गेलो तर ट्रकवाला म्हणाला, आता बसत नाही, दुसऱ्या फेरीला. सासू बरं म्हणाली. तिने तो दगड फणसाखाली ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, आणि माणसाला सांगावं तसं म्हणाली, "येते हं."

दुसरी फेरी झाली नाही. पाऊस आला, वाट मोडली, मग पाणी आलं. नाव जातं, आणि तेवढंच गेलं नाही.

इकडे नव्या घरात सासू बरीच वर्षं त्या खालच्या दगडाजवळ बसायची. दर उन्हाळ्यात म्हणायची, "पाणी उतरलं असंल. फणस वर आला असंल." एकदाही गेली नाही बघायला. कुणीच गेलो नाही. अर्ध्या जात्यावर काही दळता येत नाही. त्यावर कधी घागर ठेवली, कधी पाय ठेवला, शेवटी सायकल टेकवली.

वस्तू मागे ठेवली की माणूस परत येतं, ही त्या म्हातारीची समजूत. मी ती समजूत डोळ्यांदेखत म्हातारी होताना बघितली आहे. आणि आता खळ्यात उभी राहून मी तेच करत होते. एक दगड ठेवून घेत होते.

मी आतल्या दारात गेले. अक्षता कपाकडे बघत बसली होती. चहावर साय धरली होती. तिची हनुवटी तिच्या आजोबांसारखी आहे, रडू आलं की आधी ती दगड होते.

"बुंधा आधी घाला," मी म्हटलं.

"काय, आई?"

"बांबू भरतास तशी भरा. मागचं जड चाक आधी आत. साखळीची, दात्र्यांची बाजू वर. पुढच्या दोन सीटा सरकवा पुढं, अडलं की आणि थोड्या. हँडल शेवटाला, ते वळतंय. शेंडा वाकतोय."

नारायण माझ्याकडे बघत राहिला. "हे तुला कधी सुचलं?"

"मगाशी."

"मग मगाशी सांगायचं न्हाईस?"

"चहा संपव."

सायकल बसली. हँडल वळवून खाली गेलं आणि मागचं दार टक करून लागलं. भरमूने टाळी वाजवली, जशी काही त्यानेच बसवली. अक्षता उडी मारून माझ्या गळ्यात पडली. मी तिला बाजूला केलं. कारण अजून एक सांगायचं राहिलं होतं.

"मी ते दाबलं," मी म्हटलं.

"काय दाबलंस?"

"ब्रेक. तुम्ही आत असताना."

तिचा चेहरा पडला. "आज्जी! चाक काढल्यावर दाबायचं नसतंय गं!" मागचं दार परत उघडलं. तिने मला दाखवलं. चाकाच्या मधोमध पत्र्याची ताटली असते. दोन बाजूंनी दोन पट्ट्या तिला धरतात, की चाक थांबतं. मध्ये ताटली नसताना दाबलं की त्या पट्ट्या एकमेकींना येऊन चिकटतात आणि मागे सरत नाहीत. मग चाक परत जागेवर जात नाही.

"म्हणजे आता हे चाक बसायचं न्हाई?"

"न्हाई बसायचं." ती माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मुद्दाम केलंस?"

सुमन दारात थबकली. नारायण आकाशाकडे बघायला लागला.

"मुद्दाम करायला मला ठावं असायला नको?" मी म्हटलं. "ठावं असतं तर केलंही असतं कदाचित."

ती हसली. मला वाटलं होतं चिडेल. ती हसली आणि डोळे पुसले, दोन्ही एकदमच.

पट्ट्यांच्या मधली फट केसाएवढी उरली होती. लोखंड घातलं तर ओरखडा पडतो म्हणाली. मी पडवीतून कोयता घेतला, वाळलेल्या बांबूची एक चोय काढली, बोटभर लांब, टोकाला जिभेसारखी पातळ, मागे जाड. घासून गुळगुळीत केली. तिने ती फटीत घातली आणि हळूहळू आत सरकवली. पट्ट्या एकेक करून मागे सरल्या. मग ती चोय बाहेर काढायला लागली, तर मी हात धरला.

"ऱ्हाऊ दे तिथं. वाटंत कुणाचा हात लागला तर? बेंगळुरूला पोचल्यावर काढ."

"व्हय की," ती म्हणाली. "तिथली लोकं पुठ्ठा घालत्यात."

"पुठ्ठा भिजतोय."

पूजेला जोडीदार हजर नसला की त्याच्या जागी सुपारी ठेवतात. सुपारी काही माणूस नव्हे, हे भटजीलाही माहीत असतं. पण जागा रिकामी राहिली तर दोन्ही बाजू येऊन चिकटतात आणि नंतर आलेल्याला आत शिरता येत नाही. हे मला त्या दिवशी त्या चोयीकडे बघून समजलं. इतकी वर्षं सुपारी नुसतीच ठेवत होते.

चाक पोत्यात गुंडाळून सायकलवर ठेवलं. तांदूळ पायाशी. अक्षता पुढे बसली, गुडघे पोटाशी, कारण सीट पुढे सरकवलेली. तशीच पार बेंगळुरूपर्यंत जाणार होती. काच खाली करून म्हणाली, "येते, आज्जी."

सगळेच जाताना येते म्हणतात. आपली रीत आहे. सासूही दगडाला येते म्हणाली होती. मी म्हटलं, "गुडघं सांभाळ."

गाडी वळणावर गेली. मी पडवीत आले आणि त्या दगडावर बसले. दोन वर्षांनी तो रिकामा झाला होता. थंड होता. थोडा वेळ बसले, मग खळ्यातला पेंढा, पिंजर, गोळा करायला गेले. आभाळ आलं होतं आणि पिंजर भिजून चालत नाही.

पुढच्या सुगीत ती दोनदा आली. त्याच्या पुढच्या सुगीत एकदा, दोन दिवस. गेल्या सुगीत आली नाही. दुकानात तिच्या हाताखाली आता दोन मुली आहेत, काम सुटत नाही. मी कधी विचारलं नाही का आली नाहीस. हाक मारून बोलावलेली कोंबडी अंडं घालत नाही. तिथल्या डोंगरावर ती सायकल नेते म्हणे, गाडीत घालून. फोनवर फोटो दाखवले सुमनने. गाडी दुसरीच, पण सायकल मी सांगितली तशीच भरलेली: जड चाक आत, हँडल शेवटी.

काल सकाळी फोन आला. मी हेच करत बसले होते, चोया. ऊन डागावर आलेलं.

"आज्जी, ती चोय मोडली."

"कुठली चोय?"

"ब्रेकातली. चार वर्सं तीच वापरत होते. काल एका पोरीनं काढताना मोडली."

मला वाटलं होतं, बेंगळुरूला पोचताच फेकली असेल. मी म्हटलं, "पुठ्ठा घाल की. तिथली लोकं घालत्यात न्हवं?"

"न्हाई. पुठ्ठा भिजतोय."

"मग दुसरी करून पाठवते. नारायण रामनगरला जाणारच हाय, पोस्टात टाकील. पाकिटात घालून."

 मला वाटलं, रेंज गेली. आमच्याकडे ती जातेच. मग आवाज आला.

"पाकिटात बसायची न्हाई, आज्जी. मंगळवारी मीच येते घ्यायला."

माझ्या हातात तेव्हाच काढलेली चोय होती. बोटभर. पाकिटात अशा दहा बसल्या असत्या, वर चिठ्ठीही बसली असती.

"व्हय गं," मी म्हटलं. "न्हाई बसत."